रिकामा ठेवलेला रकाना

मी आज जो काही आहे तो प्रभाताई उपळेकरांमुळे आहे. हे वाक्य ताईंना आवडलं नसतं. "जो काही म्हणजे काय? नीट लिही," असं म्हणून त्यांनी त्याखाली शिसपेन्सिलीनं रेघ ओढली असती. म्हणून नीट लिहितो. मी करमाळ्याच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्या माणसाचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर. आज गुरुग्रामच्या एका कंपनीत नव्यानं आलेल्या मुलामुलींना आकडे कसे तपासायचे ते शिकवतो. जे शिकवतो त्यातलं जवळजवळ सगळं ताईंच्या जेवणाच्या टेबलावर बसून शिकलेलं आहे.

पाच आठवड्यांपूर्वी मी ऑफिसला निघालो होतो, मेट्रोत उभा होतो, तेव्हा ताईंच्या मुलीचा, मृणालचा फोन आला. दिल्लीत वाढलेली मुलगी. तिचं मराठी अर्ध्या वाटेवर हिंदीला भेटतं. "दत्तादादा, आई गेली... सकाळी चहा ठेवला, खुर्चीत बसली, और बस. गॅस मी येऊन बंद केला." मी पुढच्या स्टेशनवर उतरलो आणि उलट्या दिशेची गाडी पकडली. वाटेत मला सारखं एकच आठवत होतं, ताईंनी माझी घेतलेली मुलाखत.

मी एम.ए. होऊन दिल्लीत नोकरी शोधत होतो. सोव्हिएत संघ फुटून फार वर्षं झाली नव्हती आणि आपल्याकडेही परवाने, कोटे एकेक करून सुटत होते. दक्षिण दिल्लीतल्या एका छोट्या संशोधन संस्थेत ताई पूर्वीच्या साम्यवादी देशांच्या अर्थव्यवस्थेवर काम करायच्या आणि त्यांना मदतनीस हवा होता. माझं इंग्रजी कच्चं, शर्ट उसना. ताईंनी माझी गुणपत्रिका बाजूला ठेवली आणि विचारलं, "तुमच्या करमाळ्याचा आठवडी बाजार कुठल्या वारी असतो?" मी वार सांगितला. "तोच वार का?" मी खूप विचार केला. "माहीत नाही, मॅडम." "अच्छा," त्या म्हणाल्या, "माहीत नाही असं म्हणता येतं तुला. दिल्लीत फार कमी जणांना येतं. सोमवारपासून ये. आणि मॅडम नको, ताई म्हण."

ताईंचा प्रश्न सांगायला सोपा होता. बुडापेस्टपासून व्लादिवोस्तोकपर्यंत इतक्या देशांत कित्येक वर्षं जवळपास एकच पद्धत चालली. तीच पंचवार्षिक योजना, तसेच कारखाने, तशीच दुकानासमोरची रांग. मग ती पद्धत गेल्यावर काही देश लवकर का सावरले आणि काही इतके का घसरले? त्या काळी सेमिनारमध्ये सगळे एकमेकांना सांगत, किमती मोकळ्या करा, कारखाने विका, बाकीचं आपोआप होईल. ताई शेवटच्या रांगेतून हात वर करायच्या. "त्याच्या आधी तिथे काय होतं?" त्यांचं म्हणणं असं, की योजना येण्याच्या कितीतरी शतकं आधी कुठे राज्यकारभार रुजला होता, कुठे बाजार नियमानं भरत होता, कुठे लोक करार लिहून ठेवत होते, या सवयी साम्यवादाखाली झाकल्या गेल्या, पुसल्या गेल्या नाहीत. झाकण निघालं तेव्हा जे खाली होतं ते वर आलं. हे नुसतं बोलून भागणार नव्हतं, दाखवायला हवं होतं. म्हणून त्यांनी एक तक्ता आखला होता. डावीकडे देश, वरच्या बाजूला पन्नास-पन्नास वर्षांचे टप्पे, दोन हजार वर्षांचे. प्रत्येक रकान्यात तीन प्रश्नांची उत्तरं: टोळीच्या वर काही राज्य होतं का, कायमचा बाजार होता का, लिहिणं होतं का. असेल तर एक, नसेल तर शून्य. आणि प्रत्येक रकान्यासाठी एक चिठ्ठी, कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानावरून हे घेतलं ते सांगणारी. या चिठ्ठ्या लाकडी खणांत, क्रमांक घालून. तक्त्यावर बोट ठेवा, खण उघडा, पुरावा हातात आला पाहिजे.

युरोपकडचे देश ताईंनी स्वतःकडे ठेवले होते, पूर्वेकडचे मला दिले. मी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन रशियन शिकलो. रविवारी ताई मला आर. के. पुरमच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये जेवायला बोलवत आणि जेवणानंतर त्याच टेबलावर तक्ता पसरत. ताईंचे यजमान, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, मंत्रालयात अधिकारी होते आणि या सगळ्याला कंटाळलेले. "आमच्या घरात दोनच विषय," ते मला वाढता वाढता म्हणायचे, "उझबेकिस्तान आणि गॅस सिलिंडर. त्यातला सिलिंडर निदान कधीतरी येतो." छोटी मृणाल विचारायची, "आई, रकाना म्हणजे काय?" आणि ताई म्हणायच्या, "कॉलम ग. पण रकाना म्हण, नाहीतर तुझी आजी मला रागावेल." होस्टेलवर राहणाऱ्या मला त्या घरात पहिल्यांदा कळलं की जेवताना वाद घालणं म्हणजे भांडण नसतं.

आता ती गोष्ट सांगायला हवी, जी सांगायची नसती तर हा लेख लिहिलाच नसता. कामाची मुदत जवळ आली होती. माझ्याकडे मध्य आशियातल्या दोन देशांच्या ओळी शिल्लक होत्या, किर्गिझस्तान आणि कझाकस्तान. आमच्या ग्रंथालयात जे खंड होते त्यात घोडे, कुरणं आणि भटक्या टोळ्या होत्या, गावांबद्दल काही नव्हतं. जे खंड नव्हते ते मागवायला वेळ नव्हता. मी रकाने रिकामे ठेवून तक्ता संगणकाच्या खोलीत नेला. तिथे चोपडाजी नावाचे ऑपरेटर होते, मनानं मोठे, घाईनं त्याहून मोठे. त्यांनी कागदावर नजर टाकली आणि म्हणाले, "ओए दत्ते, खाली मत छोड़ यार, मशीन लेती नहीं. ज़ीरो डाल दे." मी तिथेच उभ्या उभ्या शून्यं भरली. एकामागून एक, दोन ओळी भरून. चिठ्ठ्यांवर "ग्रंथालयातील खंड पाहिले" असं लिहिलं. ते खोटं नव्हतं. पाहिले होतेच.

संगणकातून जो आलेख निघाला तो इतका सुबक होता की ताईंनी तो दोनदा काढून घेतला. ज्यांचा इतिहास जुना ते वर, ज्यांचा शून्य ते खाली, आणि मधून एक सरळ रेघ. खालच्या टोकाला माझे ते दोन देश रेघेला घट्ट धरून बसले होते. ताईंना आयुष्यात पहिल्यांदा परदेशी परिषदेचं बोलावणं आलं. त्या परत आल्यावर एका प्रकाशकानं पुस्तक मागितलं. परिषदेतल्या निबंधाच्या शेवटी आभारांत माझं नाव छापलं होतं. मी त्या पानाची प्रत घरी पाठवली, आणि वडिलांनी ती, वाचता येत नसताना, नगरपालिकेतल्या सगळ्यांना दाखवली.

त्यानंतर काही महिन्यांनी, दर्यागंजच्या रविवारच्या फुटपाथवर, मला एक जुनं रशियन पुस्तक मिळालं. उत्खननाचं. त्यात किर्गिझस्तानच्या एका नदीखोऱ्याचे नकाशे होते आणि त्या नकाशांवर शहरं होती. तट असलेली, बाजारपेठा असलेली, नाणी पाडणारी. मातीच्या भांड्यांवर कोरलेली अक्षरं होती. पुढच्या पानांवर कझाकस्तानच्या दक्षिणेतलं असंच. मी फुटपाथवरच बसलो. ज्या रकान्यांत मी शून्य लिहिलं होतं तिथे माणसं हजार वर्षांपूर्वी भाव ठरवत होती.

हे मी दुसऱ्याच दिवशी ताईंना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्या आनंदात होत्या, आणि माझ्या गुरुग्रामच्या नोकरीसाठी त्यांचं शिफारसपत्र गेलेलं होतं. संक्रांतीला दिल्लीच्या मराठी मंडळींची बस पानिपतला, काला अंबच्या स्मारकाला जाते, त्या वर्षी ताईंनी मलाही ओढून नेलं. मी ठरवलं, बसमध्ये सांगायचं. बाजूला एक निवृत्त सुभेदार बसले होते, साताऱ्याकडचे. ते तावातावानं म्हणत होते, "ती एक लढाई जिंकलो असतो ना, तर आज देशाचं चित्रच वेगळं असतं!" ताईंनी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. "सुभेदारसाहेब, तुम्ही फौजेतले. एका दिवसात लढाई हरते, की त्याच्या आधी सहा महिने रसद हरते?" सुभेदार हसून म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्या पलटणीत हव्या होतात." सगळी बस हसली. ताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय रे, आज गप्प का?" मी म्हणालो, "डोकं दुखतंय." ... स्मारकापुढे सगळे हात जोडून उभे राहिले तेव्हा मी मात्र माझ्या खोट्या शून्यांचा विचार करत होतो.

मला नोकरी लागली. त्या वेळचं गुरुग्राम, तेव्हा आम्ही गुडगाव म्हणायचो, म्हणजे मोहरीच्या शेतांत मधूनच उगवलेल्या काचेच्या इमारती. मी भाड्याच्या खोलीत राहायला गेलो आणि ताई ती बघायला आल्या, पिशवीत साबुदाण्याच्या पापड्या घेऊन. त्यांना सगळं पायी बघायचं होतं. नवा, चारपदरी, सरळ रस्ता एका ठिकाणी काहीच कारण नसताना वळला होता. ताई थांबल्या. "हा इथे का वळला?" मी म्हणालो, "कंत्राटदाराची चूक असेल." त्यांना ते पटलं नाही. कडेला खाटेवर हुक्का घेऊन एक म्हातारे बसले होते, त्यांना जाऊन विचारलं. "बेटी, यहाँ जोहड़ था," म्हातारबाबा म्हणाले, "गाँव का तालाब. डंगर पानी पीते थे. सड़क वालों ने भर तो दिया, पर ज़मीन बैठ जाती थी. हारकर घूम के गए." ताईंचा चेहरा असा उजळला की बस. जाईपर्यंत त्या तेच बोलत होत्या. "बघितलंस? नकाशात इथे काही नव्हतं. नकाशात नव्हतं म्हणून जमिनीत नव्हतं असं नाही." त्यांना बसमध्ये बसवून मी परत आलो. पापड्यांची पुडी उघडवेना. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मी कागद घेतला आणि ताईंना पत्र लिहिलं. संध्याकाळच्या आत पेटीत टाकलं, विचार बदलू नये म्हणून.

चार दिवसांनी पोस्टकार्ड आलं. तीन वाक्यं. "पत्र मिळालं. रविवारी ये. येताना दोन शिसपेन्सिली आण, खोडरबर माझ्याकडे आहे."

मी गेलो तेव्हा दार आप्पांनी उघडलं. सिलिंडरचा विनोद न करता त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मी जास्तच घाबरलो. ताई टेबलाशी बसल्या होत्या. तक्ता पसरलेला. त्या रागावल्या होत्या आणि ते त्यांनी लपवलं नाही. "तुला नोकरी मी का दिली होती?" "माहीत नाही म्हणालो म्हणून." "मग ते दोन शब्द या दोन ओळींत का नाही लिहिलेस?" मी पिशवीतून शिसपेन्सिली काढून टेबलावर ठेवल्या. त्यांनी एक उचलली आणि त्या म्हणाल्या, "खणातल्या चिठ्ठ्या मीही उघडल्या नव्हत्या. रेघ सरळ आली आणि मी तिच्या प्रेमात पडले. तेव्हा निम्मी चूक माझी. बस. पुस्तक काढ ते."

त्यांनी प्रकाशकाला कळवलं, पुस्तक आत्ता नको. परिषदेच्या आयोजकांना पत्र लिहून सांगितलं की आपल्या तक्त्यात चूक आहे, आलेख ग्राह्य धरू नये. हे त्यांना कुणी करायला सांगितलं नव्हतं. संस्थेतले एक सहकारी जिन्यात मोठ्यानं म्हणाले, "उपळेकर मैडम, सुना है आपकी लाइन टेढ़ी हो गई!" ताई दोन पायऱ्या चढून थांबल्या. "हाँ जी. अब सही है."

पुढचे चार हिवाळे आम्ही दर रविवारी तो तक्ता पुन्हा केला. नुसत्या माझ्या दोन ओळी नाहीत, सगळ्या. शून्य कुठे खरंच नाही म्हणून आहे आणि कुठे आपल्याला ठाऊक नाही म्हणून, हे प्रत्येक रकान्याला विचारलं. ठाऊक नसेल तिथे रकाना रिकामा ठेवला आणि चिठ्ठीवर लिहिलं, "माहीत नाही, शोध चालू". मी गुडगावहून दोन बस बदलून यायचो, एकही रविवार चुकवला नाही. चोपडाजींनी निवृत्तीआधी आम्हाला रिकामा रकाना वाचणारा प्रोग्रॅम मिळवून दिला आणि त्याबद्दल माझ्याकडून समोसे वसूल केले. रेघ वाकडी झाली, पण मोडली नाही. जुन्या सवयींचा परिणाम होताच. मात्र त्या सवयी नुसत्या राजधान्यांत आणि ग्रंथांत शोधून भागत नव्हतं. किर्गिझस्तानातल्या त्या खोऱ्यात जुने बाजार होते, तरी देश मागे राहिला, कारण मधल्या शतकांत ते धागे तुटले होते आणि पुढे आलेल्या योजनेनं तिथे दुसरंच विणलं. जुनं असणं पुरेसं नव्हतं, ते कुणीतरी चालू ठेवायला लागत होतं. भूतकाळ वाट आखून देतो, पण चालायचं कुठपर्यंत ते सांगत नाही, एवढंच ताईंनी शेवटी लिहिलं. पुस्तक बारीक झालं आणि फार कुणी वाचलं नाही. पहिलं आलं असतं तर गाजलं असतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी एकदा तसं म्हणालो. त्या म्हणाल्या, "गाजलं असतं आणि एखाद्या पोरानं त्यावरून ठरवलं असतं की या लोकांचं काही होणार नाही, यांच्या मागे काही नाहीच. चहा टाक."

आप्पा गेल्यावर ताई नोएडाच्या सोसायटीत नवव्या मजल्यावर राहायला गेल्या. तिथेही जेवणाच्या टेबलाशेजारी ते लाकडी खण होते. शेवटचा भेटलो तेव्हा त्या बाल्कनीतून खालच्या चौकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इथे आधी काय होतं, तो भाजीवाला सांगणार आहे मला. त्याच्या आजोबांची शेती होती म्हणे." तो काय म्हणाला हे त्यांना कळलं की नाही, मला विचारायचं राहून गेलं.

तेराव्यानंतर मृणालनं मला बोलावलं. "दादा, आईचे ते रकानेवाले खण तूच घेऊन जा. मला फेकवणार नाहीत." तिनं कॉलम नाही, रकाना म्हटलं. खण आता माझ्या घरी आहेत. परवा मी किर्गिझस्तानचा खण उघडला. जिथे माझ्या "ग्रंथालयातील खंड पाहिले" अशा चिठ्ठ्या होत्या, तिथे एक घडी घातलेला कागद होता. कोपऱ्यात ताईंच्या अक्षरात क्रमांक घातलेला आणि खाली लिहिलेलं: "शून्य खोडण्याचा पुरावा. मूळ साधन." पुस्तकं, नकाशे, अहवाल यांच्या रांगेत त्यांनी माझं पत्र लावून ठेवलं होतं. ते जसंच्या तसं देतो.

"ती. प्रभाताईंना सा. न.,

काल तुम्ही जोहडाची गोष्ट ऐकून आनंदलात आणि मला तोंड वर करता आलं नाही. किर्गिझस्तान आणि कझाकस्तानच्या ओळींत मी जी शून्यं लिहिली ती खोटी आहेत. मला तिथली माहिती मिळाली नव्हती. मशीन रिकामं घेत नाही असं कळलं म्हणून मी शून्य लिहिलं. पण ताई, दोष मशीनचा नाही आणि चोपडाजींचाही नाही. फरक मला त्या वेळीही कळत होता.

शाळेपासून प्रत्येक अर्जात 'वडिलांचे शिक्षण' या रकान्यात मी 'निरंक' लिहीत आलो. माझे वडील लिहू शकत नाहीत. पण करमाळ्यातली प्रत्येक जुनी पाइपलाइन त्यांच्या डोक्यात आहे. नवी वसाहत झाली तेव्हा इंजिनियर नकाशा घेऊन आमच्या दारात आले होते, कारण नकाशात जुन्या लाइनी नव्हत्या. वडिलांनी चालत चालत काठीनं जमिनीवर खुणा केल्या आणि पाणी तिथूनच गेलं. हे बघूनही मी निरंक लिहीत राहिलो. त्याच हातानं त्या दोन देशांचं निरंक लिहिलं.

दर्यागंजला मिळालेलं एक पुस्तक माझ्याकडे आहे, त्यात पुरावा आहे. पाच महिने मी ते गादीखाली ठेवलं. तुमचं पुस्तक छापायला जाण्याआधी थांबवा अशी विनंती आहे. शिफारसपत्र परत घ्यायचं असेल तर घ्या, मी कंपनीत स्वतः सांगेन.

एवढंच मागतो, त्या ओळी मला पुन्हा करू द्या. मी रविवारी पुस्तक घेऊन येतो. दार उघडलं नाहीत तर पायरीवर ठेवून जाईन, आणि पुढच्या रविवारी परत येईन.

आपला,
दत्ता"